भंगारातून रोहित्र

नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला भंगारवाल्याकडे जुन्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच रोहित्र, वजनावर मिळू शकते. त्यातून शाळेच्या प्रयोगशाळेसाठी १२ व्होल्टचे रोहित्र कसे करावे ते पाहू.

प्रथम एक परीक्षा करा. वीज न जोडता, आत येणारी तार व बाहेर जाणारी तार यांमधील रोध मल्टीमीटरने मोजा. तो काही ओहमच भरला, तर ते रोहित्र परत करा. व्होल्टेज स्टॅबिलायझरमधील रोहित्र बहुधा असे असते. त्यात एकच कुंडल असल्याने बाहेरची तार घरच्या विजेशी थेट जोडलेली राहते. तिला हात लावणे म्हणजे २३० व्होल्टला हात लावणे! मायक्रोवेव्ह ओव्हनमधले तर मुळीच घेऊ नका; त्यात सुमारे २००० व्होल्ट निर्माण होतात.

फॅरडेने १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन कुंडले गुंडाळून दाखवले, की एकातील धारा बदलली की दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. रोहित्राच्या गाभ्यातील बदलते चुंबकत्व दोन्ही कुंडलांतून जाते. म्हणून दर वेढ्यामागे दाब सारखाच येतो.

समजा, आपले रोहित्र भार नसताना १८ व्होल्ट देते. गाभ्याच्या पट्ट्या काढा व बाहेरचे दुय्यम कुंडल वेढे मोजत उलगडा. आतले प्राथमिक कुंडल व त्यावरचा कागद यांना धक्का लावू नका. वेढे १०८ भरले, तर एका व्होल्टला १०८ ÷ १८ = ६ वेढे. पडताळा पाहा : ५० हर्ट्झला, चुंबकीय घनता १ टेस्ला धरल्यास, ४५ ला गाभ्याच्या चौरस सेंटिमीटरांनी भागावे. गाभा २.५ × ३ = ७.५ चौ. सें.मी. असेल, तर उत्तर ६ च येते.

१२ व्होल्टसाठी ७२ वेढे; भाराखाली दाब उतरतो म्हणून ५ टक्के वाढवून ७६ घ्या. २ अँपिअरसाठी १ मि.मी. जाडीची एनॅमल तार पुरते. पट्ट्या आलटूनपालटून, घट्ट बसवा. सैल पट्ट्या गुणगुणतात. खाडीच्या दमट हवेत गंज चढू नये म्हणून वार्निश लावा.

पुन्हा रोध मोजा. मगच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गाभा अर्थिंगला जोडून व प्राथमिक कुंडलाशी ६० वॅटचा तंतूचा दिवा एकसरीत ठेवून वीज द्या. दिवा प्रखर पेटला, तर कुठेतरी वेढे एकमेकांस चिकटले आहेत. लगेच बंद करा. दिवा विझलेलाच राहिला आणि व्होल्टमीटरने १२ च्या थोडे वर दाखवले, की रोहित्र तयार!

आता सांगा : दुय्यम कुंडलावर भार टाकताच तो दिवा का उजळतो?