वेदनेआधीची पाहणी : दंतआरोग्याची पहिली पायरी

दातांचा विकार माणसाची फसगत करतो. तो सहज बरा होण्याजोगा असतो तेव्हा बहुधा दुखत नाही; आणि दुखू लागतो तेव्हा सोप्या उपचाराची वेळ टळून गेलेली असते. म्हणून केवळ दुखणे घेऊन येणाऱ्या रुग्णाची वाट पाहणारी व्यवस्था दात काढू शकते, दात वाचवू शकत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या व बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. छोटे कारखाने, दुकाने व रोजंदारी यांवर येथील अनेक कुटुंबे जगतात. अंबरनाथ तालुक्याच्या ग्रामीण भागात आदिवासी वाड्याही आहेत. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय या मोठ्या संस्था आहेत. परंतु बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. रोजंदारीवरील माणसाला ही फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. साहजिकच दाढ असह्य होईपर्यंत तो घरगुती उपायांवर दिवस काढतो.

कीड कशी लागते ?

दातात किडा शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवते. गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले यालाही महत्त्व आहे. खळगा लहान असेपर्यंत तो भरून दात टिकविता येतो. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की खर्चिक मूळनलिका उपचार करणे किंवा दात काढणे एवढेच मार्ग उरतात. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दात घासणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

पालकांची आणखी एक गफलत शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नसल्याने तिलाही दुधाची समजले जाते. ती किडली तर “पडेल व नवी येईल” असे म्हणून दुर्लक्ष होते. परंतु ती गेल्यावर दुसरी येत नाही.

मशेरी आणि गुटखा

भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना चोळण्याची सवय महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, जुनी आहे. ती दात घासण्याची पूड आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात ते तंबाखूचेच व्यसन आहे. तंबाखू घातलेल्या दंतमंजन व पेस्टवर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली, तर राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी लागू झाली. तंबाखू व सुपारी दोन्ही कर्करोगकारक आहेत. तोंडात न दुखणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करून घेतली पाहिजे. येथेही वेदनेची वाट पाहणे जीवावर बेतू शकते.

योजना आणि आपले काम

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय तसेच अनुदानित शाळांतील मुलांची एकदा आरोग्यतपासणी अपेक्षित असून तीत दंतविकारांचाही समावेश आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मुखकर्करोग तपासणीचीही तरतूद आहे. योजना आहेत, त्यांच्या आणि रुग्णाच्या मधला दुवा मात्र गावाने व शाळेनेच व्हावयाचा आहे.

शिक्षकांना महिन्यातून एकदा उजेडात, हात न लावता, मुलांच्या तोंडाकडे पाहता येईल. काळा खळगा, सूज वा पू, हिरड्यांतून रक्त आणि चट्टा या चार गोष्टी नोंदवाव्यात. निदान करणे हे त्यांचे काम नव्हे. नाव पुढे पाठविणे हे आहे. ग्रामपंचायतीने अशा नावांची यादी आरोग्य केंद्राकडे द्यावी, जवळच्या शासकीय रुग्णालयातील दंततपासणीचे दिवस विचारून घ्यावेत व वाडीवरील रुग्णांना एकाच दिवशी सोबत नेण्याची व्यवस्था करावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिचे पालन होते की नाही, हेही सदस्यांनी पाहावे.

दात काढल्याने दृष्टी जाते, अशा भीतीपोटी उपचार टाळणारी माणसे आजही भेटतात. अधिकाराने व आपुलकीने समजावणारा गावातील माणूस ही भीती सहज घालवू शकतो. मोठ्या खर्चावाचून होणारे हे काम आहे. ते वेळेवर झाले, तर सहा वर्षांच्या मुलाची दाढ साठाव्या वर्षीही भाकरी चावण्याच्या उपयोगी पडेल.