पुडीचा कागदही वाच

अगं, ‘वाचून काय दिवे लावणार?’ हे सासूबाईंचं बोलणं तू फारच मनाला लावून घेतलंस. म्हणून आज जरा निवांत बोलते.

बेबी कांबळे यांचं नाव ऐकलंयस? फलटणच्या. जन्म 1929 चा, महार कुटुंबातला. तेराव्या वर्षी लग्न. घरचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की बाई ती रद्दी वाचत बसायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. वस्तीतल्या बायकांची उपासमार, सासुरवास, अंगात येणं, बाबासाहेबांच्या चळवळीनं पालटलेले दिवस, सगळं वहीत उतरवलं. पण घरच्यांच्या धाकानं त्या वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवाव्या लागल्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं ते 1986 साली.

ते लपवणं मला फार सलतं गं. तुझ्यावर ती पाळी येऊ नये. सासूबाईंना अक्षरओळख नाही, कुणी त्यांना कधी चार ओळी वाचून दाखवल्या नाहीत. मग वाचनाचं मोल त्यांना कुठून कळावं? रात्री जेवणं उरकली की पेपरातली मावळची बातमी त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. भाताचा भाव असला तर आधी तोच.

भुशी धरणाच्या वाटेवरच्या तुझ्या भजीच्या टपरीवर शनिवार-रविवारी तुला मान वर करायला फुरसत नसते, मान्य. पण मंगळवार-बुधवारी कढईपाशी नुसती बसून असतेस, तेव्हा शेजारचा रद्दीचा गठ्ठा उघड. (त्यात गरम भजी मात्र बांधू नकोस, छपाईची शाई खाण्यात उतरते.)

आणि टपरी हलवायची ती नोटीस! ती दुसऱ्याकडून वाचून घेतलीस आणि रात्रभर रडलीस. अगं, 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते असं त्यात लिहिलंय. पण रेल्वेच्या जागेला तो लागू नाही, आणि धरण आहे रेल्वेचं. तेव्हा तुझी टपरी नेमकी कुणाच्या हद्दीत येते, नोटिशीवर सही कुणाची, तारीख कुठली, हे तूच बघायला हवंस. सातवीपर्यंत शिकलीयस, अडखळत का होईना, जमेल.

उद्या तीच नोटीस काढून बस. अडेल त्या शब्दाखाली रेघ मार आणि मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.