प्रिंटर जोडायचा आहे, पण संगणक पासवर्ड मागतोय!

मैत्रिणींनो, भोर-वेल्ह्यातल्या आपल्या संघांच्या कार्यालयांत आता संगणक आले. कर्जाचा तक्ता, ठरावाची प्रत काढायची म्हणजे प्रिंटर लागतोच. नवा प्रिंटर जोडला की पडद्यावर चौकट येते, 'ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या.' मग कुणीतरी म्हणतं, "पासवर्ड सगळ्यांनाच सांगून टाका, कटकट नको." तसं करू नका.

गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हे आपण पहिल्यापासून पाळतो. बाईवर अविश्वास म्हणून नव्हे, पैसा सुरक्षित राहावा म्हणून. संगणकाचंही तसंच. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. 'ॲडमिनिस्ट्रेटर' खात्यातून संगणकात काहीही बदलता येतं. 'स्टँडर्ड' खात्यातून रोजचं काम होतं, पण संगणकाची मूळ रचना बदलत नाही. चुकून व्हायरसची फाइल उघडली तर स्टँडर्ड खात्यात नुकसान कमी होतं.

प्रिंटरलाच पासवर्ड का? प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, संगणकाच्या अगदी आत बसतो. 2021 च्या जुलैत विंडोजच्या छपाई व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी फट सापडली. त्यानंतर ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केला. दुसऱ्या संगणकावरून सामायिक प्रिंटर घेतानाही नवा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटर लागू लागला. इंटरनेटवर हा नियम बंद करायची युक्ती सापडेल, पण ती वापरली की फट पुन्हा उघडते.

मग काम अडू नये म्हणून काय करायचं?

1. आधी वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि ते उघडतंय का बघा. त्यानंतरच सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन रोजचं खातं स्टँडर्ड करा. क्रम उलटा करू नका.

2. प्रिंटर आणला त्याच दिवशी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून ड्रायव्हर बसवा. मग रोजच्या खात्यातून एक पान छापून बघा. जादा प्रिंटर असेल तर त्याचाही ड्रायव्हर तेव्हाच बसवून ठेवा. ड्रायव्हर आधीच आत असला की पुढे जोडताना सहसा पासवर्ड लागत नाही.

3. काही प्रोग्राम फक्त आपल्या खात्यापुरते बसतात, त्यांना पासवर्ड लागत नाही. तरी ते बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. असा प्रोग्राम खोटा निघाला तर आपल्या फाइली तो वाचू शकतो.

4. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा. पाकिटावर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या घ्या. उघडलं तर कोणी, कशासाठी, याची नोंद इतिवृत्तात करा आणि काम झाल्यावर पासवर्ड बदला.

पावसाळ्यात वेल्ह्याच्या वाडीवर दुरुस्तीवाला बोलावणं सोपं नसतं. म्हणून येत्या मासिक बैठकीतच हे चार मुद्दे विषयपत्रिकेवर घ्या. हिशेब आपल्या बचतीचा आहे, तेव्हा त्याची किल्लीही आपणच नीट सांभाळायची.