फुकट हिरवा चारा खरंच फुकट असतो का? जलपर्णी, नाळी आणि अझोलाचा हिशोब

पेण-रोह्यात दोन-चार म्हशी ठेवून दूध घालणारे बरेच जण हा चॅनल बघतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, पेंड परवडत नाही. तळ्यात, खाडीकाठी एवढं हिरवं उगवतं, ते घालू का?" माझं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही मालाचा भाव काढायची मला सवय आहे. आज चाऱ्याचा भाव काढू.

धडा १ : आधी पाणी वजा करा

आपल्याकडे मुख्य चारा म्हणजे भाताचा पेंढा. त्यात प्रोटीन फक्त ३-४ टक्के. जनावराच्या पोटातले जिवाणू नीट काम करायला एकूण खाण्यात निदान ७-८ टक्के प्रोटीन लागतं. म्हणजे नुसत्या पेंढ्यावर पोट भरतं, दूध मात्र वाढत नाही. ही कमी पाणवनस्पतींनी भरून निघेल का?

जलपर्णीत सुक्या वजनावर साधारण १०-१५ टक्के प्रोटीन असतं. ऐकायला भारी वाटतं. पण ताज्या जलपर्णीत ९०-९५ टक्के पाणीच असतं! हिशोब बघा :

- १०० किलो ताजी जलपर्णी = साधारण ७ किलो सुका चारा
- त्यात प्रोटीन = साधारण ९०० ग्रॅम
- तेवढंच प्रोटीन शेंगदाणा पेंडीतून = सुमारे सव्वादोन किलो पेंड

समजा पेंड ५० रुपये किलो आहे. मग १०० किलो जलपर्णीची प्रोटीनच्या हिशोबाने किंमत झाली ११०-११५ रुपये. ती काढायची मजुरी आणि टेम्पोभाडं याच्या वर गेलं, तर तुम्ही चारा नाही, पाणी वाहताय. तळं दाराशी असेल आणि घरचाच माणूस काढत असेल, तरच हे गणित जमतं.

अझोलाचंही तसंच. सुक्या वजनावर २०-३० टक्के प्रोटीन, पण रोज २ किलो ताजा अझोला घातला तर हातात येतं जेमतेम ३० ग्रॅम. ते १०० ग्रॅम पेंडीपेक्षाही कमी! अझोला वाईट नाही, पण "पेंड बंद करा" असं कोणी सांगितलं तर आधी कॅल्क्युलेटर काढा.

धडा २ : काय चालतं, काय नाही

नाळीची भाजी आपण खातो, जनावरंही आवडीने खातात. पाला कोवळा आणि प्रोटीनला चांगला. लव्हाळा आणि पाणकणीस कोवळं असताना चालतं, जून झालं की नुसता चोथा. जलपर्णीची मुळं कापून टाका, चिखल आणि घाण तिथेच साठते. पाला एक-दोन दिवस उन्हात सुकवा आणि पेंढ्यात मिसळूनच घाला. या वनस्पतींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. म्हणून मिनरल मिक्श्चर चुकवू नका.

बेशरमाचं झुडूप पाण्याकाठी हिरवंगार दिसतं, पण ते विषारी आहे, शेळ्यांना तर फारच. भुकेलं जनावर तिकडे सोडू नका.

पेणच्या खारेपाटात तिवराचा पाला जुनी माणसं घालायची. आता कांदळवन तोडणं गुन्हा आहे. मुंबई हायकोर्टाने २०१८ च्या निकालात भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित धरलाय. तिकडे कोयता नेऊच नका.

धडा ३ : लपलेला खर्च

धंद्यात तोटा नेहमी न दिसणाऱ्या खात्यातून होतो. इथे ती दोन खाती आहेत.

पहिलं, जंत. दलदलीतल्या गोगलगायींमुळे लिव्हर फ्लूक होतो. त्याचं पिल्लू पाण्यालगतच्या गवताला चिकटून बसतं. जनावर हळूहळू खंगतं, दूध उतरतं आणि आपण चाऱ्याला दोष देतो. चारा पाण्याच्या पातळीच्या वरून कापा, सुकवा, आणि पावसाच्या आधी-नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध द्या.

दुसरं, सांडपाणी. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते. कारखान्याच्या किंवा गटाराच्या नाल्यातली कितीही हिरवी दिसली तरी घ्यायची नाही. कुंडलिकेकाठी असा, नाहीतर गावच्या तळ्यावर, वर पाणी कुठून येतं ते आधी बघा.

मग स्वस्त काय?

घरात आहे तोच पेंढा सुधारा. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवा. प्रोटीन जवळपास दुप्पट होतं. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या, थोड्यापासून सुरुवात करा, आणि ६ महिन्यांखालच्या वासराला अजिबात नको. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्याकडचा एक किलो हिरवा पाला मोजा, खडखडीत सुकेपर्यंत वाळवा, पुन्हा मोजा. जे उरलं तोच तुमचा चारा. आकडा वहीत लिहा. पुढच्या भागात त्यावरून एक लिटर दुधाचा खरा खर्च काढू.