रांधलं तरी बाधलं

समजा, हर्णै बंदरातली एक होडी आहे. तीन दिवसांसाठी ती दर्यावर गेली आहे. होडीवर माणसं सात. एक तांडेल, पाच खलाशी आणि एक भंडारी. होडीवर जो रांधतो, त्याला भंडारी म्हणतात. आपला भंडारी विशीतला पोरगा आहे. पहिल्यांदाच त्याच्या हाती चूल आली आहे.

दिवस एप्रिलचे. पहाटे जाळं ओढलं. बांगडा भरपूर लागला. विकायची मासळी लगेच बर्फात गेली. जेवणासाठी पोरानं वीस बांगडे टोपलीत काढले. टोपली राहिली उन्हात. जाळी ओढायची, निवडायची, परत टाकायची. कामात दिवस गेला. चूल पेटली ती संध्याकाळी.

पोरानं बांगडा हुंगून पाहिला. वास फारसा नव्हता. तरी मनात शंका आली. म्हणून त्यानं मसाला दुप्पट घातला. आमसुलं जास्त टाकली. कालवण चांगलं खदखदा उकळलं. सगळे पोटभर जेवले.

अर्ध्या तासात एकाचं तोंड लालबुंद झालं. दुसऱ्याचं डोकं ठणकू लागलं. तिसऱ्याच्या अंगावर गांधी उठल्या. त्याची छाती धडधडू लागली. आणखी एकाला उलटी झाली. किनारा सात तास दूर.

"मामा, अंग पेटल्यासारखं वाटतंय," एक खलाशी म्हणाला.

"पित्त उठलं असेल," तांडेल म्हणाला.

"कुणाची तरी नजर लागली," दुसरा म्हणाला.

पोरगा रडकुंडीला आला. "मामा, मी तर नीट उकळलं होतं!"

पोराचं म्हणणं खरं होतं. त्यानं नीटच उकळलं होतं. चूक चुलीवर झाली नाही. चूक टोपलीत झाली.

कशी, ते पाहू. मासळी मेली की तिच्या मांसात जंतू वाढू लागतात. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ऊब मिळाली की ते फार झपाट्यानं वाढतात. बांगड्याच्या मांसात ते एक विष तयार करतात. त्याचं नाव हिस्टामिन. कालवण उकळलं की जंतू मरतात. पण हिस्टामिन मरत नाही. ते जिवंत नसतंच, मग मरणार कसं? उंदीर मारला म्हणून त्यानं कुरतडलेलं लुगडं काही सांधत नाही. तसंच हे.

तळा, भाजा, मीठ लावा, वाळवा, नाहीतर मागाहून बर्फात ठेवा. एकदा झालेलं हिस्टामिन जात नाही. मसाल्यानं वास झाकतो, विष झाकत नाही. आणि नाकावरही विसंबू नये. मासळीला वास यायच्या आधीच हे विष झालेलं असू शकतं. कधी कधी घास जिभेला तिखटासारखा चरचरतो. असा घास थुंकून टाकावा. पण दर वेळी जीभ सांगेलच असं नाही.

ही भीती सगळ्या मासळीत सारखी नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांत ती जास्त. म्हणजे आपण जी रोज खातो, तीच.

मग काय करायचं? बांगडा जाळ्यातून निघाला की सावलीत घ्यावा आणि लगेच बर्फात घालावा. बर्फाचे मोठे तुकडे उपयोगाचे नाहीत. बर्फ फोडून बारीक करावा. खाली बर्फ, वर मासळी, परत बर्फ, असे थर द्यावेत. एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा. वितळलेलं पाणी खालून निघून जाऊ द्यावं. त्या पाण्यात मासळी बुडवून ठेवू नये.

बर्फ महाग आहे, हे खरं. म्हणून पुष्कळ होड्यांवर एक रीत पडली आहे. विकायची मासळी बर्फात आणि खायची उन्हात. हा हिशोब उलटा आहे. सात माणसांच्या जेवणाला बर्फ लागतो तो किती?

आपल्या होडीवर रात्रभर चौघे पडून होते. त्यांना थोडं थोडं पाणी पाजलं. उरलेलं कालवण दर्यात ओतलं. सकाळपर्यंत त्यांना उतार पडला. बहुतेकांना असा उतार पडतोच. पण धाप लागली, ओठ किंवा जीभ सुजली, माणूस घेरी येऊन पडला, तर थांबू नये. होडी वळवावी. वायरलेसवर मदत मागावी. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. डॉक्टरला दोन गोष्टी आठवणीनं सांगाव्यात. मासळी कुठली खाल्ली आणि ती किती वेळ उन्हात होती. नाहीतर डॉक्टरलाही ते नुसतं पित्तच वाटायचं.

भाताचंही असंच आहे. तांदळाबरोबर काही जंतूंची बीजं येतात. ती उकळत्या पाण्यातही तगून राहतात. दुपारचा भात टोपात कोमट राहिला की ती रुजतात, जंतू वाढतात आणि त्यांचं विष भातात उतरतं. रात्री भात परत गरम केला तरी ते विष जात नाही. मग मध्यरात्री उलट्या सुरू. होडीवर भात थंड ठेवायची सोय कुठली? म्हणून जेवढा लागेल तेवढाच टाकावा. वाटेच्या भुकेला तांदळाची भाकरी, कुरमुरे आणि गूळ बरा. कोरड्या खाण्यात जंतू वाढत नाहीत. ओल आली की मात्र भाकरीही बिघडते.

चुलीबद्दल एकच सांगतो. आता पुष्कळ होड्यांवर गॅस आला आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारातून थोडाफार तरी बाहेर जातो. होडी म्हणजे कढई. गळलेला गॅस तिच्या तळाशी साचतो. मग इंजिनाची एक ठिणगी पुरते. म्हणून रांधून झालं की नुसती शेगडी बंद करू नये. टाकीचा कॉकही बंद करावा. गॅसचा वास आला तर आगकाडी ओढू नये, इंजिन चालू करू नये, बटण दाबू नये. कॉक बंद करून तळघर उघडावं आणि वारा खेळू द्यावा.

आता किनाऱ्यावर येऊ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा आगोटीची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागते. हे काम बायकांचं, आणि ते अक्कलहुशारीचं आहे. मासळीतलं पाणी काढून टाकलं की जंतूंना वाढता येत नाही. सगळी विद्या एवढीच. ओल्या बोंबलात तर पाण्याशिवाय फारसं काही नसतंच! म्हणून दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी वलांडीवर टांगतात. वारा चारी बाजूंनी लागतो. वाळू लागत नाही. कुत्रं तोंड घालत नाही. वाळूवर पसरलेली मासळीही सुकते. पण तिच्यात रेती जाते, माशा अंडी घालतात. माशांना मारायला कुणी कुणी मासळीवर फवारा मारतात. असं करू नये. तो फवारा शेवटी आपल्याच पोटात येतो.

बांगडा खारवायचा तर आधी चिरून आतडी काढावीत. स्वच्छ धुवावा. चार किलो बांगड्याला एक किलो मीठ लावावं. मासळी जाड असेल तर तीन किलोला एक किलो. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं. ते निथळू द्यावं आणि मग वाळवावं.

पण खारवायचा बांगडा ताजाच हवा. दिवसभर तापलेल्या बांगड्याला कितीही मीठ चोळलं, तरी त्यातलं हिस्टामिन तिथंच राहतं. होडीवर झालेली चूक मग श्रावणात घरातल्या ताटात येते.

आपली होडी बंदराला लागली तेव्हा तांडेलाची बायको टोपली घेऊन उभीच होती. रात्रीची हकिगत तिनं ऐकून घेतली. मग बांगड्याला हात लावायच्या आधी तिनं भंडाऱ्याला विचारलं,

"पोरा, ही मासळी कुठं होती? बर्फात की उन्हात?"

"बर्फात होती, मामी. पण त्या कोपऱ्यातली टोपली कालची आहे."

"मग ती टोपली इथंच ठेव," मामी म्हणाली, आणि बर्फातले बांगडे मोजायला बसली.