बेतानं

पोरी, कोपरला नांदायला आलीस, तर माझ्या सासूनं मला दिलेला एक शब्द तुझ्या पदरात टाकते: बेतानं. कुठे वापरायचा, कुठे नाही, एवढं ध्यानात ठेव.

१. खारा बांगडा आधी पाण्यात भिजव आणि कालवणात मीठ बेतानं घाल. तो मिठातच मुरलेला असतो. कैरीच्या लोणच्याला मात्र हात आखडू नकोस, मीठ कमी पडलं की बुरशी धरते. बेतानं म्हणजे लागेल तेवढं. कमीच घालायचं, असा त्याचा अर्थ नाही.

२. शिंपी कापड आधी बेततो, मग कात्री लावतो. पगार हातात आला की महिनाही तसाच बेतायचा. लाइट बिल, किराणा, पास, पोरांची फी बाजूला काढ, मग बाजारात जा.

३. 'बेतानं' सगळ्यांना सारखंच. दादा बेतानं बोलतो, वहिनी बेतानं बोलते, पोरं बेतानं बोलतात. 'बेताचा-बेताची' मात्र ज्या शब्दाला लागतं त्याप्रमाणे बदलतं आणि बोचतंही. बेतानं खर्च करणारा शहाणा ठरतो. 'त्याची अक्कल बेताचीच' म्हटलं की भांडण. स्वतःचा पगार बेताचा आहे म्हण, शेजारणीच्या नवऱ्याचा म्हणू नकोस.

४. स्टेशनात हा शब्द अपुरा पडतो. आपल्याकडे खाली मेन लाइनच्या धीम्या गाड्या थांबतात आणि वरच्या फलाटावर दिवा-वसईची गाडी येते. वरच्या गाड्या मोजक्याच, म्हणून लोक जिन्यावरून पळत सुटतात. तिथे म्हणायचं 'जपून'. मापाचा प्रश्न असेल तिथे बेतानं, हातपाय मोडायची भीती असेल तिथे जपून, आणि डोकं तापलं असेल तिथे सबुरीनं.

५. पंगतीत पाहुण्याला 'बेतानं घ्या' चुकूनही म्हणू नकोस, तो पानावरून उठेल. त्याला म्हणायचं, 'सावकाश होऊ द्या.' सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. त्यांनाही चारचौघांत टोकू नकोस, लोणचं ताटात वाढतानाच बेतानं वाढ.

बेतानं हा शब्द आपण आपल्या हाताला आणि जिभेला सांगायचा. दुसऱ्याला सांगितला की त्याचा टोमणा होतो.