कॉन्टिनेंट आणि खंड

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'कॉन्टिनेंट' या शब्दापुढे 'खंड' असा अर्थ दिलेला असतो. आशिया, आफ्रिका, युरोप यांची नावे सांगण्यापुरता तो पुरेसा आहे. परंतु या दोन शब्दांची मुळे पाहिली, तर एक मौज दिसते. एकाच वस्तूची ही दोन नावे परस्परांच्या अगदी उलट गोष्ट सांगतात.

खंड म्हणजे तुकडा. अभ्यासात खंड पडला म्हणजे त्याची सलगता तुटली. जे तुटले नाही ते अखंड. मोठ्या ग्रंथाचे भाग केले की त्यांनाही खंडच म्हणतात. याउलट 'कॉन्टिनेंट' हा शब्द लॅटिन भाषेतील 'कॉन्टिनेरे' या धातूपासून आला, आणि त्याचा अर्थ एकत्र धरून ठेवणे असा आहे. 'टेरा कॉन्टिनेन्स' म्हणजे न तुटलेली, सलग भूमी. सामावणे या अर्थाचा 'कंटेन' आणि चालू ठेवणे या अर्थाचा 'कंटिन्यू' हे इंग्रजी शब्द याच धातूचे वंशज होत. शेक्सपिअरच्या काळी तर 'कॉन्टिनेंट' म्हणजे एखादी वस्तू सामावून घेणारे पात्र, असाही अर्थ होता. विशेषण म्हणून वापरला, तर तो आजही स्वतःला आवरून धरणाऱ्या संयमी माणसाचे वर्णन करतो. एकाने त्या विशाल भूमीची सलगता पाहिली, दुसऱ्याने तिला पृथ्वीचा एक तुकडा मानले.

मात्र शब्दाचा अर्थ केवळ त्याच्या मुळावरून ठरत नाही. बोलणारा कोठे उभा आहे, यावरही तो ठरतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. डोव्हरपाशी तिची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर भरते. एवढ्याशा पाण्यापलीकडच्या भूमीला इंग्रज माणूस 'द कॉन्टिनेंट' म्हणतो. वस्तुतः भूगोलाप्रमाणे त्याचे बेट युरोपातच मोडते. पण त्याच्या तोंडी या शब्दाचा अर्थ 'आमची बेटे सोडून उरलेला युरोप' असा होतो. पाव, लोणी, मुरांबा आणि कॉफी एवढ्यावर भागणारी सकाळची न्याहारी ती 'कॉन्टिनेंटल'. अंडी व मांस यांनी भरलेली ती इंग्रजी. आपल्याकडील मोठ्या उपाहारगृहांच्या पदार्थयादीतही 'कॉन्टिनेंटल' हा रकाना असतो. पुण्याची मिसळही एका खंडावरचीच आहे. पण ती त्या रकान्यात सापडत नाही!

इंग्रजी भाषा अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेली, तेव्हा हा शब्दही बरोबर गेला. तेथे त्याला निराळेच तेज चढले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. १७७४ साली त्यांपैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फिया येथे जमले. त्यांच्या हाती होता तो केवळ किनाऱ्याचा भाग. तथापि त्यांच्या सभेस 'कॉन्टिनेंटल काँग्रेस' असे नाव पडले. येथे या विशेषणाचा अर्थ 'एकट्या वसाहतीचे नव्हे, सर्वांचे मिळून' असा होता. पुढच्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आधिपत्याखाली जी सेना उभी राहिली, ती 'कॉन्टिनेंटल' सेना. तिच्या खर्चासाठी काँग्रेसने कागदी नोटा काढल्या, त्यांनाही लोक 'कॉन्टिनेंटल' म्हणू लागले.

या नोटांची कथा मात्र दुःखाची आहे. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. युद्ध तर थांबत नव्हते. म्हणून ती नोटा छापत राहिली. निरनिराळ्या वसाहतीही आपापल्या नोटा छापत होत्या. शत्रूने त्यांत खोट्या नोटांची भर घातली. नोटा वाढल्या, वस्तू वाढल्या नाहीत, आणि भाव भडकले. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या शिपायाच्या हाती जो पगार पडे, त्यात त्याच्या कुटुंबाचे पोट भरेना. पुढे तर तो पगारही थकला. १७८१ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या तुकड्यांनी अशाच गाऱ्हाण्यांसाठी बंड केले. त्या वर्षी या नोटा कोणी घेईनासे झाले. १७९० च्या कायद्याने शंभर डॉलरच्या नोटांबद्दल सरकारी रोख्यांत केवळ एक डॉलर मिळाला. 'एका कॉन्टिनेंटलच्याही मोलाचा नाही' असा वाक्प्रचार अमेरिकेत रूढ झाला तो यामुळेच. आपण ज्याला कवडीमोल म्हणतो, तेच ते. जो शब्द एकजुटीचे नाव होता, तोच निरुपयोगीपणाचे माप ठरावा, हे विलक्षण खरे.

शास्त्रज्ञांच्या हाती या शब्दाचे दैव अधिक चांगले निघाले. हवामानशास्त्राचा अभ्यासक असलेल्या आल्फ्रेड वेगेनर या जर्मन संशोधकाने १९१२ साली मांडले की, आजची खंडे पूर्वी एकत्र होती व नंतर ती दूर सरकली. यालाच खंडवहन म्हणतात. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीचे अवशेष भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या भूमींवर सापडतात, हा त्याच्या पुराव्यांपैकी एक. परंतु एवढी खंडे सरकविणारी शक्ती कोणती, हे त्याला पटेल असे सांगता आले नाही, आणि बहुतेक भूवैज्ञानिकांनी त्याची कल्पना नाकारली. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. सागरतळाच्या संशोधनामुळे १९६० नंतरच्या दशकात खंडे सरकतात हे सर्वमान्य झाले. दक्षिणेकडील त्या प्राचीन सलग भूमीला गोंडवन म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्या गोंडांची वस्ती आहे, त्यांच्याच मुलखावरून हे नाव पडले. प्रथम सलग भूमी होती, मग तिचे तुकडे झाले. म्हणजे लॅटिन आणि संस्कृत, दोघींचेही म्हणणे खरे ठरले.

याच शब्दाचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राच्या अगदी दारात आहे. किनारा संपला की भूमी लगेच संपत नाही. ती उथळ पाण्याखाली मंद उताराने पुढे जाते व मग एकदम खोल उतरते. पाण्याखालच्या या भागाला इंग्रजीत 'कॉन्टिनेंटल शेल्फ' म्हणतात. तो कोणाचा, हा प्रश्न तेथील खनिज तेलामुळे महत्त्वाचा ठरला. १९४५ साली अमेरिकेने आपल्या किनाऱ्यालगतच्या अशा भूमीवर हक्क सांगितला. तेथील संपत्तीवर किनाऱ्याच्या राष्ट्राचा हक्क आहे, हे १९५८ च्या जिनीव्हा कराराने मान्य केले. १९७४ साली 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर तेल शोधून काढले. ती जागा भारताच्या प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या, कितीतरी पलीकडे होती. तरीही ते तेल भारताचे ठरले. १९७६ साली भारताच्या संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केला. पुढे १९८२ च्या सागरी करारात, शेल्फ अरुंद असला तरी २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ त्यात धरावा, असे ठरले. त्यामुळे कायद्यातील शेल्फ आणि भूगोलातील शेल्फ हे आता एक राहिलेले नाहीत.

मराठीत याला भूखंडमंच म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकांत त्याचे दुसरेही एक नाव आढळते, 'समुद्रबूड जमीन'. त्यात खंड नाही आणि कॉन्टिनेंटही नाही.